सोंगाला औषध नाही

"पाय दाखवा."

आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस हे ऐकून हमखास गोंधळायचा. तो जीभ बाहेर काढायच्या तयारीत बसलेला असायचा, आणि डॉक्टर टेबलाच्या कडेने वाकून त्याच्या चपलांकडे बघत असायचे. ताप असो, पोट दुखत असो, कान वाहत असो, आधी चप्पल काढायची आणि पाय स्टुलावर ठेवायचा. डॉक्टर बोटांच्या बेचक्या फाकवून बघायचे, टाच दाबायचे, आणि मगच विचारायचे, "हं, आता सांगा. काय होऊन राह्यलं?"

त्यांचं म्हणणं असं, की चेहऱ्याला सोंग जमतं, पायाला जमत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, दिवसभर पाण्यात उभं राहिलेल्या माणसाच्या बोटांत चिखल्या होतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जंगलात फिरणाऱ्याच्या टाचा फाटतात. पाय बघितले की माणूस काय काम करतो ते कळतं, आणि करतो की नाही तेही कळतं. हे शास्त्र त्यांना कोणत्या पुस्तकात सापडलं ते मला माहीत नाही. पण बरेचदा ते बरोबर निघायचं, एवढं मी स्वतः पाहिलं आहे.

मी त्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. दवाखाना सरकारी, चामोर्शीकडे जाणाऱ्या एका रस्त्यावरचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून आहेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लॅब म्हणजे औषधांची जुनी कोठी. त्यात एक टेबल, एक सुरई, आणि आरसा लावलेला जुना सूक्ष्मदर्शक. वीज गेली की तो खिडकीशी न्यायचा आणि आरशाने ऊन पकडायचं. वीज जायचीच.

डॉक्टरांचा एक लाडका इंग्रजी शब्द होता. मॅलिंगरिंग. कामातून सुटण्यासाठी आजाराचं सोंग करणं. असा माणूस समोर आला की डॉक्टरांचा चेहरा खुलायचा. निवडणुका जाहीर झाल्या की त्यांचा हंगामच सुरू व्हायचा. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांची ड्यूटी जंगलातल्या बूथवर लागायची. तिथे चालत जायचं, वाटेत झाडांना नक्षलवाद्यांची बहिष्काराची पत्रकं चिकटवलेली. कोणाला जावंसं वाटेल? मग सगळ्या तालुक्याची कंबर एकाच आठवड्यात धरायची, आणि सगळे आमच्या बाकावर येऊन कण्हत बसायचे.

डॉक्टर कोणालाच सर्टिफिकेट द्यायचे नाहीत. त्याऐवजी गोष्ट सांगायचे.

"फ्रान्स देशात जुन्या काळी भिकारी होते," असं ते सुरू करायचे. समोरचा मास्तर कंबरेवर हात ठेवून ऐकतोय. "पायाले खोट्या जखमा करायचे. काहीबाही चोपडायचे, चिंध्या बांधायचे आन् रस्त्यावर बसायचे. लोकं हळहळून भीक घालत. त्या भिकाऱ्यायच्या नावावरून आला म्हणतेत हा शब्द. तुमी तर मास्तर तेवढीही मेहनत नाई घेतली. पाय अगदी साफ हायेत तुमचे. जा, बूथवर जा. सोंगाले औषध नाई."

मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मधूनच कोणी डॉक्टरांना हाक मारली तर पुढची मी पुरी करायचो.

एका हिवाळ्यातली गंमत सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकांचे दिवस. वडसा म्हणजे या नाटकांचं मोठं ठाणं. तिथल्या एका कंपनीत आमच्या भागातले एक मास्तर खलनायक व्हायचे. अंगाने आडवे, आवाज असा की मागच्या तरटावर झोपलेलं पोरगं उठून रडायला लागावं. ते एकदा सकाळी पाठ धरून आले. उठता येत नाही, बसता येत नाही, आठ दिवसांची रजा लिहून द्या म्हणाले. डॉक्टरांनी पाय बघितले. घोट्याशी लाल रंगाचा ओघळ राहिला होता.

"मास्तर, काल तिसऱ्या अंकात तुमाले तलवार लागली, आठवते?" डॉक्टर म्हणाले. "मी दुसऱ्या रांगेत होतो. पडले मोठे झकास तुमी. पाठीवरच पडले, पण टुणकन उठले बी. पडदा पडायच्या आधीच उठले."

मास्तर ओशाळले. मग दोघंही हसले, आणि मास्तर निमूट शाळेत गेले. त्यांच्या पुढच्या नाटकाला डॉक्टर तिकीट काढून गेले. सोंग स्टेजवर असलं की त्यांना फार आवडायचं.

आता हे सगळं सांगायला मजेचं आहे. पण खरं सांगतो, मला त्यांचा भारी राग यायचा. ते स्वतः कधी रजा घेत नसत. ताप आला तर शर्टावर चादर पांघरून ओपीडीत बसत, आणि साहेबच रजा घेत नाहीत म्हटल्यावर आम्ही कोणत्या तोंडाने मागणार? मी एकदा मेहुणीच्या लग्नाला जायचं म्हणून पोट बिघडल्याचं सांगितलं, तर माझेही पाय बघितले होते. नर्सबाई तर म्हणायच्या, "या माणसाले सुखानं आजारी पडता येत नाही, आन् दुसऱ्याले पडू देत नाही." बरं, बायको-मुलं नागपूरला. इथे क्वार्टरमध्ये एकटे. हाताने भात करून खात आणि सकाळी सगळ्यांच्या आधी दवाखान्यात. एवढी काय त्या कामाची भूक, असं मी मनात म्हणायचो. माणूस मूळचा सावली तालुक्यातल्या एका खेड्यातला, बौद्ध घरातला, बापाची थोडी धानाची शेती. शिकून वर आलेला. त्यामुळे असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग ललिता आली.

आषाढ सरत आला होता. रोवण्याची नुसती घाई. रोवणा म्हणजे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, चिखलात लावणं. ते काम आमच्याकडे बायकांच्या टोळ्या गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, घेतात. सगळ्या एका ओळीत वाकून मागे मागे सरकत लावत जातात. एकीचा हात थांबला तर तिची ओळ शेजारणीला ओढावी लागते, म्हणून टोळीत कामचोर बाईला फार बोल बसतात. ललिताची सासू अशाच एका टोळीची म्होरकी. नदीकाठच्या गावातलं घर, तळ्यात-नदीत मासे मारणारं, जोडीला थोडी शेती. लग्नाला दोन वर्षं झालेली. सासू सुनेला दंडाला धरूनच आत घेऊन आली.

"पाहा जी हिले," सासू म्हणाली. "रोवणा लागला का हिचं अंग दुखते. रोवणा सरला का बरी होते. बाया मले बोलतेत, तुह्या सुनेची ओळ आमी काऊन ओढाव म्हणून. खरं काय ते सांगा. खरंच काई असंल तर हिच्या बापाले बोलावतो. बिमार पोरगी आमच्या गळ्यात बांधली असंल तर घेऊन जा म्हणतो."

"पाय दाखव," डॉक्टर म्हणाले.

पाय साफ होते. भर रोवण्यात बाईच्या बोटांत एक चिखली नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. ताप नव्हता, सूज नव्हती.

"हाडात दुखते जी," ललिता एवढंच बोलली. "अंदरून."

"काई नाई हिले," डॉक्टर सासूला म्हणाले. "सोंगाले औषध नाई." भिकाऱ्यांची गोष्ट त्या दिवशी त्यांनी सांगितली नाही, कारण बाहेर रांग मोठी होती. दोघी गेल्या. सासू पुढे, सून मागे.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. भरदुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट टाकून ललिताला आणलं. भर पावसात तिला बांधीत उभं केलं होतं, तिथेच ती कोसळली. अंग चिखलाने भरलेलं, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि ओरडणं असं की बाकावरची माणसं उठून उभी राहिली. डॉक्टर पायांकडे वळले नाहीत. त्यांनी पापणी खाली ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"सिकलिंग लाव," ते मला म्हणाले.

ही तपासणी साधी आहे. बोटाचा रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात ताज्या द्रावणाचा थेंब, वर पातळ काच, आणि हवा जाऊ नये म्हणून कडेने नेलपॉलिश. नेलपॉलिश मी आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानातून आणायचो, आणि दुकानदारीण दर वेळी रंग कोणता म्हणून विचारायची. मग वाट बघायची. ज्याच्या रक्तात सिकलसेल आहे त्याच्या गोल पेशी हळूहळू वाकतात, विळ्यासारख्या होतात. ललिताच्या काचेवर विळेच विळे होते. आजार आहे की नुसता अंश, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आलेला, हे पक्कं कळायला रक्त नागपूरला पाठवावं लागे. तेही पाठवलं, आणि आजारच निघाला. या आजारात पेशी अडकून हाडांत कळा येतात. गार पाण्यात, दमल्यावर जास्त येतात. बाहेरून काही दिसत नाही. पाय तर अगदी साफ असतात.

कळा ओसरल्यावर डॉक्टर तिच्या खाटेशी स्टूल घेऊन बसले. मी सलाईनची बाटली बदलत होतो.

"बाई, माह्यी चुकी झाली," ते म्हणाले. "तू सोंग नाई करत. रक्ताचा आजार हाये तुले, जन्मापासून. तुह्या सासूले मी आजच सांगतो."

ललिता उठून बसली. सुई निघेल म्हणून मी तिचा हात धरला.

"नोका सांगू जी," ती म्हणाली. "कामचोरच राहू द्या मले. कामचोर बाईले शिव्या देतेत, मारतेत, पर घरात ठेवतेत. बिमार बाईले नाई ठेवत. माह्या बापाच्या घरी अजून दोन बहिणी हायेत. मी परत गेली तर त्याईले कोन करंल?"

डॉक्टर उठले. ते बाहेर आले, आणि लॅबमध्ये येऊन माझ्या खुर्चीवर बसले.

"आयुष्यभर लोकं माह्याकडे आजारी म्हणून लिहून द्या म्हणत आले," ते म्हणाले. "ही पहिली बाई, जी चांगली हाये म्हणून सांगा म्हणते. सोंगच मागते, पण उलटं. याले काय शब्द हाये, मले कोणी शिकवला नाई."

मग त्यांनी मॅलिंगरिंग हा शब्द पुन्हा एकदा उलगडला, या वेळी गोष्ट न करता. फ्रेंचमध्ये मूळ शब्दाचा अर्थ नुसता आजारी, मरतुकडा, एवढाच होता म्हणे. खऱ्या अशक्त माणसाचा शब्द. भिकाऱ्यांनी त्याचं सोंग घेतलं, मग शब्दही सोंगाड्यांचाच झाला, आणि खऱ्या आजाऱ्याला त्यात जागाच उरली नाही. "मी नेहमी भिकाऱ्यायपासून सांगत आलो," ते म्हणाले. "त्याच्या आधीचं मले माहीत होतं. कधी सांगितलं नाई."

आता पेच असा होता. सांगितलं नाही तर पुढच्या पावसात तिला पुन्हा पाण्यात उभं करतील, आणि एखादी कळ तिला घेऊन जाईल. सांगितलं तर बापाला बोलावणं जाईल. मी आपला म्हणालो, साहेब, आपण औषध द्यावं, घरच्या भानगडीत कशाला पडावं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी ते ललिताला म्हणाले, "तुह्यं नाव नाई घेत. पूर्ण गावाचं रक्त पाहतो. तुह्या सासूचं बी. मंजूर?" ती विचार करून म्हणाली, "आन् त्याईच्यात नाई निंघालं तर?" डॉक्टर म्हणाले, "तर मी खोटं बोलीन." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

रोवणा आटोपल्यावर आम्ही त्या गावी गेलो. सूक्ष्मदर्शक मी एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. शाळेच्या ओसरीत टेबल मांडलं, ऊन येईल अशा बाजूला. गाव जमलं, पण बोट पुढे करायला कोणी तयार नाही. रक्त विकायला नेतात, बाईचं रक्त काढलं की मूल राहत नाही, असं काय काय चाललं होतं. ललिताची सासू सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून उभी.

"माह्यं पहिले काढ," डॉक्टर मला म्हणाले, आणि बोट पुढे केलं.

मी टोचलं. सासूने ते नीट पाहिलं. मग ती पुढे आली. म्होरकी आली म्हटल्यावर टोळीतल्या बाया आल्या, मग पुरुष आले. ललिताचा नवराही आला. काचा उन्हात मांडून ठेवल्या आणि कोणीतरी चहा केला.

दुपार कलल्यावर मी एकेक काच बघायला घेतली. पहिली डॉक्टरांची होती. ती बघितली, आरसा हलवून परत बघितली. मग मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. त्यांनी मला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. उठले तेव्हा चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्या रक्तात हाये. मले कधी कळा आल्या नाई, म्हणजे आजार नाई, अंश हाये. मायबापाकडून येते. यात कोणाचा दोष नसते."

सासूचीही काच तशीच निघाली. तिला डोळा लावून दाखवलं. आधी तिला तिच्याच पापणीचे केस दिसत होते, मग दिसलं.

"इळेच हायेत जी," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, "म्हणजे तुमच्यातबी हाये आन् आमच्यातबी हाये."

"हाये," डॉक्टर म्हणाले. "आन् ज्याच्यात दोन्हीकडून येते त्याचे हाल होते. तुह्या सुनेच्यात दोन्हीकडून आलं. तुह्या पोराचं रक्त साफ निघालं, म्हणून नातवंडायले तो आजार नाई होणार. तिले परत धाडशील, आन् दुसरी आणशील, तिचं रक्त कोणतं हाये, तुले काय माहीत?"

ललिताचं नाव न घेण्याचं वचन त्यांनी तिथे मोडलं. मी ललिताकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी होती. घरी जाताना टोळीतली एक बाई काहीतरी टोचून बोलली, तेव्हा सासू तिच्यावरच खेकसली, "गुमान राह्य. रगतच तसं हाये तिचं." ललिता त्या घरात राहिली. पुढच्या पावसाळ्यात तिला बांधीत उतरवलं नाही. ती घरी जाळी विणायची आणि बाजारात बसून मासोळी विकायची. गोळ्या न्यायला यायची तेव्हा कधी कधी सोबत सासू असायची, आणि दंड धरलेला नसायचा.

मला वाटलं, झालं, गोड झालं. पण त्या गावच्या तपासणीनंतर पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी रजेचा अर्ज दिला होता. एका दिवसाचा. दवाखान्यात ही बातमीच झाली. नर्सबाईंनी तर खिडकीतून बाहेर डोकावून सूर्य कुठून उगवला ते पाहिलं.

रजेच्या दिवशीच दुपारी ते परत आले, ते सोबत म्हाताऱ्या बापाला घेऊन. बाप उंच, काटक, धोतर, हाताला नांगराचे घट्टे. आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, "बाबाचं सिकलिंग लाव." मी लावलं. दोघं बापलेक लॅबच्या बाकावर बसून राहिले. म्हाताऱ्याने एकदा धानाला पाणी कमी पडल्याचं सांगितलं.

काच साफ होती. सगळ्या पेशी गोल. मी परत परत बघितलं आणि सांगितलं.

"मंग तुह्यात कुठून आलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मायकडून," डॉक्टर म्हणाले.

मला तोवर त्यांच्या आईबद्दल काहीच माहीत नव्हतं. ते मला पुढे त्यांनीच सांगितलं, एकदाच. ते चौथीत असताना ती गेली, रोवण्याच्या दिवसांत. धुऱ्यावर, शेताच्या कडेला, गुडघे धरून बसायची. गावात ती कामचोर म्हणून माहीत होती, आणि हे कामचोरनीचं पोरगं. शाळेतही त्याच नावाने हाक मारत. शास्त्र म्हणून विचाराल, तर मुलाच्या रक्तातल्या अंशावरून आईला आजारच होता असं ठरवता येत नाही. अंश असलेल्याला सहसा काही त्रास नसतो. डॉक्टरांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण तिचे डोळे पावसाळ्यात पिवळे व्हायचे, हेही त्यांना आठवत होतं.

डॉक्टर नंतर निवृत्त झाले, नागपूरला गेले, आणि आता नाहीत. तो इंग्रजी शब्द त्या पावसाळ्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मास्तरांना सर्टिफिकेटं मात्र तेव्हाही मिळाली नाहीत. पण डॉक्टरांची आठवण निघाली की मला ते टेबलामागे बसलेले दिसत नाहीत. त्या दुपारी लॅबच्या बाकावर बापाशेजारी बसलेले दिसतात.

म्हातारा स्वतःच्या टोचलेल्या बोटाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे ती सोंग नोती करत?"

"नाई बाबा."

"मी तिले बांधीत ओढत नेलो," म्हातारा म्हणाला. "हाताले धरून. मले का माहीत? तिनं सांगाले पायजे होतं ना, का दुखते म्हणून."

"सांगत होती बाबा," डॉक्टर म्हणाले. "ती सांगतच होती."